खिडकीवर चढायचे नाही : जमिनीवर उभे राहून काच धुण्याची रीत





दरवर्षी दिवाळीच्या अंकात या पानावर आम्ही निकाल, स्पर्धा आणि स्नेहसंमेलन यांविषयी लिहीत असतो. यंदा मात्र खिडक्या धुण्याविषयी लिहिणार आहोत. मुख्याध्यापकांना दुसरा विषय सुचला नाही का, असे काहींना वाटेल. पण हा विषय आम्हाला सुचलेला नाही, तो आमच्यावर येऊन पडला आहे. शेवटपर्यंत वाचावे ही विनंती. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्यामुळे आमच्या मराठीला माळव्याचा वास येणारच, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. शाळेची साफसफाई चालली होती. आपले शिपाई काका नेहमीप्रमाणे नववीच्या वर्गाच्या खिडकीतून बाहेर पडून पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर उभे होते. एका हाताने त्यांनी चौकट धरली होती आणि दुसऱ्या हातात ओला कपडा होता. खाली अंगणात आम्ही उभे होतो आणि वर पाहून सांगत होतो, “काका, डावीकडचा वरचा कोपरा राहिला.” तो कोपरा गाठण्यासाठी काकांनी पाय उचलला आणि छज्ज्यावर सांडलेल्या साबणाच्या पाण्यावरून दुसरा पाय सरकला. कुंड्या भरण्यासाठी आणलेल्या मातीचा ढीग खाली होता, म्हणून मनगटावर निभावले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला. माती दोन हात पलीकडे असती तर हा लेख लिहायला आमचे हात धजले नसते.

काका सत्तावीस वर्षे त्या छज्ज्यावर चढत होते. सत्तावीस वर्षांत कोणाही मुख्याध्यापकाने, शिक्षकाने वा पालकाने त्यांना “उतरा” म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही, उलट कोपरा दाखवला. ही चूक आमची आहे आणि ती लिहून ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

त्यानंतरच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठराव झाला की, शाळेत कोणीही, कोणत्याही कारणाने, खिडकीच्या बाहेर चढायचे नाही. ठराव झाला, पण खिडक्या तशाच राहिल्या. एका विश्वस्तांनी रास्त प्रश्न विचारला की, काचा नाही धुतल्या तर बिघडते काय? बिघडते असे, की पावसाळ्यानंतर उत्तरेकडच्या वर्गांत भर दुपारी ट्यूबलाइट लावाव्या लागतात आणि मागच्या बाकावरील मुले फळा दिसत नाही म्हणून सांगतात. शिवाय आपण इंदूरकर आहोत. २०१७ ते २०२३ या सातही वर्षांच्या स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर देशात पहिले आले. अशा शहरातील शाळेच्या काचा धुळीने भरलेल्या असणे बरे दिसत नाही. पण शोभेसाठी कोणाचे हाड मोडावे, हे त्याहून बरे दिसत नाही. तेव्हा मार्ग शोधणे भाग होते.

ही रीत काय आहे?

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, खिडक्या धुणारे कामगार पूर्वी शिडीवर चढून काम करीत. २००५ साली तेथे उंचीवरील कामासंबंधी नियम लागू झाले. त्यांचे पहिले तत्त्व असे की, जे काम उंचीवर न चढता करता येते ते चढून करू नये. त्यानंतर तेथे शिडीऐवजी लांब काठीचा वापर फार वाढला. ही काठी दुर्बिणीसारखी एकातून एक बाहेर निघते. टोकाला मऊ केसांचा ब्रश असतो, ब्रशात दोन बारीक तोट्या असतात आणि काठीच्या आतून किंवा बाजूने गेलेल्या नळीतून त्या तोट्यांना पाणी मिळते. माणूस जमिनीवर उभा राहतो आणि ब्रश खिडकीवर चालतो.

आता आपल्याकडेही सौर पॅनेल धुण्यासाठी अशाच काठ्या बाजारात मिळतात. आम्ही तशीच एक फायबरग्लासची वीस फुटी काठी घेतली. पाणी वर चढवण्यासाठी शेतात फवारणीला वापरतात तो पाठीवरचा बॅटरी पंप घेतला. त्याची टाकी सोळा लिटरची आहे. पंप नवाकोराच घ्यावा. औषध फवारलेला जुना पंप कितीही धुतला तरी शाळेत आणू नये. अशी सारी जुळवणी झाली आणि मुलांनी तिचे नाव ठेवले पाणकाठी. तेच नाव आता शाळेत रूढ झाले आहे.

प्लास्टर निघाल्यावर काकांनी ही काठी पाहिली, तेव्हा ते जरा खट्टू झाले. म्हणाले, “सर, हात मोडला म्हणून काम काढून घेता का?” आम्ही म्हटले, “काका, काम तुमचेच आहे. फक्त चढणे काढून घेतले आहे.” त्यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी एकटेच काठी लांब करून पाहत होते.

डाग धुळीचे नसतात, पाण्याचे असतात

पाणकाठीने काच धुतली की ती पुसायची नसते. पुसायला वर चढावे लागेल, मग काठीचा उपयोग काय? पाणी काचेवर तसेच सोडून द्यायचे आणि ते वाळू द्यायचे. इथेच आमची पहिली फजिती झाली. पहिल्या दिवशी बोअरिंगचे पाणी भरून आठ खिडक्या धुतल्या. ओल्या होत्या तोवर आरशासारख्या दिसल्या. वाळल्यावर मात्र साऱ्या काचेवर पांढरे ठिपके उमटले. धुण्याआधी बऱ्या होत्या, असे म्हणण्याची वेळ आली.

कारण समजून घेऊ. आपले माळवा पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. त्याच्या भेगांतून मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. हेच जड पाणी. ते काचेवर वाळते तेव्हा पाणी उडून जाते, पण क्षार उडत नाहीत. विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. घरी गीझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवण्याच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच हा.

दहावीच्या मुलांनी प्रयोगशाळेतील टीडीएस मीटरने निरनिराळे पाणी मोजले. हे मीटर खरे तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्या दिवशी आमच्या मीटरवर आकडे असे आले : बोअरिंगचे पाणी लिटरला ७४० मिलिग्रॅम, नळाचे नर्मदेचे पाणी २१०. पुढे पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी मोजले, ते १८ आले. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० असे सांगते की, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील. म्हणजे जे पाणी पोटाला चालते, ते काचेला चालेलच असे नाही.

आता हिशेब करा. धुतल्यानंतर एका तावदानावर साधारण २० मिलिलिटर पाणी चिकटून राहते असे धरू. बोअरिंगच्या पाण्यात २० मिलिलिटरमागे १४.८ मिलिग्रॅम क्षार असतात. ते सारे काचेवर राहतील. पावसाच्या पाण्यात तेवढ्याच पाण्यात फक्त ०.३६ मिलिग्रॅम. डाग का पडले आणि कशाने पडणार नाहीत, हे या दोन आकड्यांत आले. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण नळाचे पाणी न घालता बाजारातून डिस्टिल्ड वॉटर आणतो, त्याचेही कारण क्षार हेच आहे.

क्षार काढण्यासाठी रेझिनची नळी मिळते. तिच्यात दोन प्रकारचे बारीक मणी मिसळलेले असतात. एक प्रकार कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे आयन धरून ठेवतो आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतो. दुसरा प्रकार बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट यांचे आयन धरतो आणि हायड्रॉक्साइडचे आयन सोडतो. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड एकत्र आले की पाणीच होते. म्हणजे क्षार गेले आणि त्यांच्या जागी पाणी आले. अशा पाण्यावर मीटर शून्य किंवा एक-दोन दाखवते. मण्यांची शक्ती संपत आली की आकडा चढू लागतो. तो दहाच्या वर गेला की मणी बदलावे.

आमची दुसरी फजिती इथे झाली. बोअरिंगचे पाणी थेट रेझिनमधून घेतले, तर मणी थोड्याच दिवसांत संपले आणि रंगपंचमीला हात चोळत बसावे लागले. मणी किती क्षार धरणार हे ठरलेले असते. ७४० च्या पाण्याला ते जितके लिटर पुरतात, त्याच्या सुमारे चाळीसपट लिटर १८ च्या पाण्याला पुरतात. म्हणून यंदा पावसाळ्यात गच्चीच्या पाण्याची नळी एका झाकणाच्या टाकीत सोडली. पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ दिले, कारण त्यात गच्चीची धूळ असते. दीडशे चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १५०० लिटर पाणी होते. एका चांगल्या सरीत वर्षभराच्या खिडक्यांची सोय होते. टाकीला बारीक जाळी मात्र हवीच, नाहीतर डासांची पैदास होईल. आणि हे पाणी कोणीही प्यायचे नाही, अशी पाटी टाकीवर लावली आहे.

धुणे वेगळे, विसळणे वेगळे

आता मुख्य भागाकडे येऊ. बहुतेक लोक ब्रश घासण्याकडे लक्ष देतात आणि विसळणे उरकतात. पाणकाठीत उलट आहे. घासल्याने मळ सुटतो, पण तो काचेवरच पाण्यात तरंगत असतो. त्याला खाली उतरवून देण्याचे काम विसळण्याचे. आपल्याकडे याला खंगाळणेही म्हणतात. ते नीट झाले नाही तर सुटलेला मळ त्याच जागी वाळतो.

विसळायला पाणी किती लागते? इथे एक गंमत आहे आणि ती सातवीच्या मुलांनाही गुणाकाराने कळेल. तावदानावर मळकट पाण्याचा २० मिलिलिटरचा थर आहे आणि विसळायला आपल्याजवळ २०० मिलिलिटर स्वच्छ पाणी आहे. सारे एकदमच ओतले, चांगले मिसळले आणि पुन्हा २० मिलिलिटर मागे राहिले, तर २२० पैकी २० म्हणजे मळाचा अकरावा हिस्सा उरला.

आता तेच पाणी १००-१०० असे दोनदा वापरू. पहिल्या खेपेला १२० पैकी २०, म्हणजे सहावा हिस्सा उरतो. दुसऱ्या खेपेला त्याचा सहावा, म्हणजे छत्तिसावा हिस्सा. आणि ५०-५० असे चार वेळा वापरले तर प्रत्येक खेपेला सात भागांतले दोन उरतात. चार वेळा गुणले की २४०१ पैकी १६, म्हणजे सुमारे दीडशेवा हिस्सा!

पाणी तितकेच, पण काच तेरापटीहून अधिक स्वच्छ. मात्र एक अट आहे. दोन खेपांच्या मध्ये पाणी खाली निथळू दिले पाहिजे. न थांबता पाणी सोडत राहिलो तर ती एकच मोठी खेप होते. आजी कपडे एका मोठ्या बादलीत बुचकळण्याऐवजी थोड्या-थोड्या पाण्यातून तीनदा काढते आणि दर वेळी पिळते, ते याचसाठी. तिने हा गुणाकार कधी मांडला नाही, पण तिला तो ठाऊक आहे.

काकांनी आणि आम्ही आठ-दहा महिन्यांच्या चुकांतून जो क्रम बसवला, तो असा :

१. आधी वरचा मजला, मग खालचा. वरचे मळके पाणी खालच्या खिडकीवर उतरतेच.

२. आधी चौकटी, मग काच. आपल्या शाळेच्या खिडक्या जुन्या लाकडी, दोन दारांच्या, दहा तावदानांच्या आहेत. सर्वांत जास्त धूळ वरच्या चौकटीवर आणि आडव्या पट्ट्यांवर बसते. एका ओळीतल्या सर्व खिडक्यांच्या चौकटी आधी घासून घ्याव्या. शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचतो तोवर पहिली निथळलेली असते.

३. मग काच घासावी. ब्रश वरखाली चालवावा, कोपऱ्यांत दोन हात जास्त. पक्ष्यांची घाण असेल तर तेथे पाणी सोडून मिनिटभर थांबावे, खरवडू नये.

४. खालची पट्टी आणि उंबरठा विसळण्याच्या आधी धुवावा. नंतर धुतला तर त्याचे शिंतोडे स्वच्छ काचेवर उडतात.

५. विसळताना वरच्या कडेपासून सुरुवात करावी, पण ब्रश वरच्या चौकटीला लावू नये. चौकट पुन्हा भिजली की तिच्या फटीतून मळके पाणी हळूहळू झिरपते आणि काचेवर लांब ओघळ वाळतो. आमचे सर्वांत जास्त डाग या एका चुकीचे होते.

६. काच कशी आहे ते पाहावे. काही काचांवर पाणी पडद्यासारखे एकसंध पसरते. तेथे ब्रश काचेपासून दोन बोटे दूर धरून पाणी वरून सोडावे, पडदा आपोआप मळ घेऊन उतरतो. काही काचांवर पाणी कमळाच्या पानासारखे थेंब-थेंब होते. तेथे ब्रश दूर धरला तर पाणी एखाद-दुसऱ्या ओघळीने निघून जाते आणि बाकीची काच तशीच राहते. अशा काचेवर ब्रश टेकवूनच, एकावर एक चढणारे पट्टे घेत, वरून खाली विसळावे.

७. एक खेप, मग निथळू देणे, मग दुसरी खेप. काका मधल्या वेळात शेजारच्या खिडकीची पहिली खेप घेतात, म्हणजे वेळही वाया जात नाही.

८. पाण्याची धार वाढवू नये. काच वरपासून खालपर्यंत ओली राहील एवढीच धार पुरे. जास्त पाणी काचेवर आपटून उडते आणि ब्रश धरणाऱ्याच्या बाहीत शिरते.

९. शेवटी काठी खाली घ्यावी आणि काचेकडे पाहत बसू नये. थेंब राहतात, ते राहू द्यावे. शुद्ध पाण्याचे थेंब डाग न ठेवता वाळतात. काकांना ही गोष्ट सर्वांत जड गेली. सत्तावीस वर्षे पुसण्याची सवय असलेला हात थेंब दिसला की कपडा शोधतो.

साबण वापरू नये. त्याचा पातळ थर राहतो आणि त्यावर धूळ लवकर चिकटते. तापलेल्या काचेवरही पाणी घालू नये, कारण विसळण्याआधीच ती वाळते. म्हणून पश्चिमेकडच्या खिडक्या सकाळी आणि पूर्वेकडच्या दुपारनंतर धुवाव्यात.

रंगपंचमीची गेर गेल्यावर गुलाल उडून खिडक्यांवर बसतो. तेथे आधी पाणी सोडण्याची घाई करू नये. कोरड्या ब्रशने गुलाल झटकून मगच पाणी लावावे, नाहीतर रंग लाकडात उतरतो. हेही आम्ही अनुभवाने शिकलो आणि नववीच्या खिडकीची खालची पट्टी अजून गुलाबी आहे.

पाण्याचा जमाखर्च

आमच्या मोजणीप्रमाणे चार फूट बाय पाच फुटांच्या एका खिडकीला चार लिटर पाणी लागते, दोन धुण्याला आणि दोन विसळण्याला. म्हणजे पंपाच्या एका टाकीत चार खिडक्या. आपल्या ४८ खिडक्यांना बारा टाक्या, एकूण १९२ लिटर. पूर्वी तळमजल्याच्या खिडक्या आम्ही बागेच्या पाइपने धूत असू. बादली लावून मोजले तर त्या पाइपातून मिनिटाला १५ लिटर पाणी येते. एका खिडकीला तीन मिनिटे धरली तर ४५ लिटर होतात. त्या हिशेबाने ४८ खिडक्यांना २१६० लिटर लागले असते.

हे पाणी फुकटचे नाही. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटर दूर, मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून उचलून पंपांनी या पठारावर चढवावे लागते. त्याला इतकी वीज लागते की, जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी आपल्या महापालिकेने २०२३ साली ग्रीन बाँड काढले. आपण नळ सोडतो तेव्हा तेवढी चढण चढून आलेले पाणी सांडतो, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

पण खरे तेच सांगावे. बादली आणि कपड्याच्या जुन्या पद्धतीत पाणी पाणकाठीहूनही कमीच लागत होते. आम्ही ही रीत पाण्याच्या बचतीसाठी आणली नाही. माणूस खाली राहावा म्हणून आणली. पाणी वाचवणे हे नंतर शिकलो.

काठी धरण्याचे नियम

काठी धरली म्हणजे धोका संपला असे नाही. एकजण काठी धरतो आणि दुसरा नळीकडे व येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष देतो. खाली दोरी बांधलेली असते, तिच्या आत कोणी यायचे नाही. खिडकीच्या अगदी खाली उभे राहू नये. मान मोडते आणि पाणी तोंडावर येते. चार-पाच फूट मागे उभे राहावे. वारा सुटला की काम थांबवावे. आतून खिडकी बंद आहे ना, बाहेरच्या बाजूला विजेचा बोर्ड नाही ना, हे आधी पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेच्या तारा. ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर या दोन्हींतून वीज वाहते. आमची काठी फायबरग्लासची आहे, पण ओली काठी, ओली नळी आणि ओले हात असताना तिच्यावरही भरवसा ठेवू नये. जेथे तार जवळ आहे तेथे काठी उभी करायचीच नाही.

विद्यार्थ्यांपैकी फक्त नववी-दहावीची मुले-मुली, शिक्षक जवळ असताना, तळमजल्याच्या खिडक्या धुतात. वरच्या मजल्याची काठी काका, प्रयोगशाळा सहायक आणि आम्ही स्वतः आळीपाळीने धरतो. लहान मुले मीटरचे आकडे वहीत लिहितात. काही पालकांनी विचारले की, मुलांकडून शाळेच्या खिडक्या कशाला? आमचे नम्र उत्तर असे की, ज्याने एकदा काच विसळली आहे तो पुढे छज्ज्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालून कोपरा दाखवणार नाही. आम्ही तो दाखवला होता, कारण आम्ही कधी काच विसळली नव्हती.

शेवटी एक विनंती. आपल्या घरीही दिवाळीआधी कोणीतरी खिडकीबाहेर पाय टाकत असेल. ते आपले वडील असतील, आई असेल किंवा महिन्याच्या पगारावर येणाऱ्या मावशी असतील. पाणकाठी सर्वांना घेता येईल असे नाही. पण जेवढी काच आतून हात जाईल तेवढीच पुसावी आणि उरलेली मळकी राहू द्यावी, एवढे तर सर्वांना करता येईल.

शाळेत आलात तर गल्लीकडच्या बाजूला वरच्या दोन खिडक्या तुम्हाला धुळीने भरलेल्या दिसतील. त्यांच्यासमोरून विजेची तार गेली आहे. बाकी ४८ स्वच्छ असताना या दोन नजरेला खुपतात. मागच्या आठवड्यात एका पाहुण्यांनी काकांना त्याविषयी विचारलेच. काका म्हणाले, “त्या तशाच राहणार आहेत साहेब, सरांनी सांगितलंय.” आम्ही जवळच उभे होतो. गेल्या वर्षभरात आमची एखादी सूचना कोणी इतक्या खुशीने पाळलेली आम्हाला आठवत नाही.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
मुख्याध्यापक व शाळा परिवार